वाकड्या घड्या

बाइंडर गुडघे टेकून बसला होता आणि नातीच्या कमरेमागची गाठ नखांनी सोडवू पाहत होता. गाठ सुटत नव्हती. पुस्तकाच्या पाठीला लावायची सुती पट्टी होती ती, आणि हाताच्या सवयीने गाठही त्याने पुस्तकाचीच मारली होती. ती गाठ सुटावी म्हणून मारत नाहीत.

त्याची मुलगी दारात उभी होती. पोस्टातल्या काउंटरवरून ती आज दोन तास लवकर आली होती. खांद्यावरची पिशवी तिने अजून उतरवली नव्हती.

"आई, मी घोडा झालेय," नात म्हणाली. पट्टीचं दुसरं टोक पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसच्या पायाला बांधलेलं होतं.

"अर्धा तास फक्त," बाइंडर म्हणाला. "शाळेची रजिस्टरं आज द्यायचीत. कागद कापायचं मशीन उघडं होतं. दोनदा पात्याखाली हात घालायला आली. मी तरी काय करणार?"

मुलीने टेबलावरची कात्री घेतली आणि पट्टी कापली. नात सुटली ती थेट गल्लीत. तिची एक चप्पल प्रेसपाशीच राहिली.

"याआधी कधी बांधलं होतंत?"

"नाही. आजच."

मुलीने कापलेली पट्टी गोळा केली, मुठीत धरली आणि पिशवीत अगदी तळाशी कोंबली. मग ती चप्पल उचलून पोरीच्या मागे गेली.

नात पावणेसहा वर्षांची होती. गल्लीत तिला सगळे भिंगरी म्हणत. समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "आजोबा, हिला एक वायर लावून द्या माझ्याकडे. माझी इस्त्री फुकट चालेल." बाइंडरला तेव्हा हसू यायचं. आजी होती तोवर हसणं सोपं होतं. आजीला जाऊन आता नऊ महिने झाले होते. एका मंगळवारी दुपारी ती चिकटवायची खळ शिजवत होती, जरा गरगरतंय म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही. खळ करपली. त्या पातेल्याला त्याने अजून हात लावला नव्हता. कामाला दुसरं आणलं होतं.

जावई दूरच्या शहरात नोकरीला. महिन्यातून एकदा यायचा. त्यामुळे बालवाडी सुटल्यापासून मुलगी कामावरून येईपर्यंत भिंगरी बाइंडरपाशी असायची. पूर्वी दोघांपाशी असायची. खरं सांगायचं तर आजीपाशीच. तो फक्त त्याच खोलीत असायचा.

बालवाडीच्या बाईंनी त्याला दोनदा थांबवलं होतं. पहिल्यांदा घाईत आहे असं तो म्हणाला. दुसऱ्यांदा बाई फाटकातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आजोबा, पाच मिनिटं. तक्रार नाहीये."

"खोड्या करते का?"

"खोडकर मुलं मला कळतात. खोडी करायच्या आधी ती माझ्याकडे बघतात, माझं लक्ष आहे का ते. ही बघतच नाही. हिला त्यात काही चुकीचं करायचंच नसतं." बाईंनी मागे वळून पाहिलं. भिंगरी घसरगुंडीच्या रांगेतून पुढे घुसत होती आणि एक मुलगा रडत होता. "बघा. आता त्याला लागलं म्हणून ही त्याच्याहून जास्त रडेल. आणि दोन मिनिटांनी परत घुसेल."

तसंच झालं.

"सगळीच पोरं धावतात, बाई."

"धावू देत की. पण गोष्ट सांगताना बाकीची दहा मिनिटं बसतात, ही एक मिनिट. आठ चित्रं सुरू करते, एकही पुरं नाही. डबा आण म्हटलं तर हो म्हणून जाते, आणि दारापर्यंत जाईतो ते तिच्या डोक्यातून सांडून गेलेलं असतं. एखादा दिवस असं झालं तर मी म्हटलंही नसतं. पण रोज आहे. आणि तिला स्वतःलाच त्याचा त्रास होतोय. परवा मला विचारलं, बाई, मी वाईट आहे का?"

बाइंडरने खिशात हात घातला. खिशात काही नव्हतं.

"पुढच्या वर्षी पहिली," बाई म्हणाल्या. "एका वर्गात पन्नास मुलं. तिथं तिला कुणी विचारत बसणार नाही. वाईट म्हणतील आणि मोकळे होतील. त्याच्या आत दाखवा."

त्यांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी आणि एक छापील कागद दिला. चिठ्ठीवर लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता होता. बाइंडरने आधी कागदाची घडी पाहिली. वाकडी होती. त्याने तो उघडून सरळ घडी घातली आणि खिशात ठेवला. तो खिशात पंधरा दिवस राहिला. मुलीने पट्टी कापली त्या संध्याकाळी त्याने तो बाहेर काढला. काहीतरी द्यायला हवं होतं, म्हणून.

त्या कागदावर अठरा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे चार चौकटी. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. जेवण झाल्यावर मुलगी पेन घेऊन बसली. भिंगरी शेजारच्या खोलीत झोपली होती, पांघरूण एकीकडे आणि पाय उशीवर.

"बसलेल्या जागी चुळबूळ करते," मुलीने वाचलं.

"कधी कधी," बाइंडर म्हणाला.

"आपली पाळी येईपर्यंत थांबता येत नाही."

"लहान आहे. कधी कधी."

"समोर बोलत असलं तरी ऐकत नाही असं वाटतं."

बाइंडर अंगठ्याच्या नखात सुकलेली खळ काढत बसला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने वर पाहिल्यावर नजर कागदावर नेली.

"कधी कधी लिहू?"

"लिही."

असे अठराही झाले. चौदा वेळा कधी कधी, चार वेळा कधीच नाही. मुलीने पेनाला टोपण लावलं. एवढा सोपा कागद भरायला त्यांना तास लागला होता.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टेबलापेक्षा फरशीवर जास्त सामान होतं. ठोकळे, गाड्या, एक कापडी हत्ती. भिंगरीने सगळ्याला हात लावला. ठोकळ्यांचा मनोरा अर्धा केला, गाडीचं चाक काढलं, खिडकीपाशी जाऊन आली, आणि मग टेबलाच्या कडेला लोंबकळत म्हणाली, "तुमच्या पंख्याला चार पाती आहेत. आमच्या बाईंच्याला तीन. तुमच्याकडे इंजेक्शन आहे का? मला खोकला नाही. हत्तीचं नाव काय?"

"तूच ठेव नाव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बोलत होत्या आईशी, पण डोळे भिंगरीवरून हलत नव्हते. समोर दोन कागद ठेवले होते. बालवाडीच्या बाईंनी भरलेला आणि घरचा. बाईंच्या कागदावरच्या खुणा सगळ्या उजव्या अंगाला होत्या, घरच्यावरच्या डाव्या.

"हे दोन्ही एकाच मुलीचे ना?"

मुलगी कसनुशी हसली. बाइंडरला वाटलं, आता काहीतरी सांगायलाच हवं.

"मी तिला बांधलं होतं," तो म्हणाला. "पट्टीनं. मशीनपाशी येत होती म्हणून."

"एकदा?"

"तीनदा."

मुलीची मान त्याच्याकडे वळली. "तुम्ही म्हणालात, आजच."

"तीनदा," बाइंडर पुन्हा म्हणाला. गेले आठ दिवस त्याला याचीच भीती वाटत होती, आणि आता बोलून टाकल्यावर जमीन काही दुभंगली नाही. उलट बरं वाटलं. एवढी मोठी चूक पदरात घेतल्यावर दुसरं कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं.

"पुन्हा बांधू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नाही. "मशीनला कुलूप घाला. ते मी नंतर सांगते कसं करायचं ते. आता मला एक सांगा. हे कधीपासून आहे?"

"आई गेल्यापासून," मुलगी म्हणाली.

"त्याआधी?"

"त्याआधी शहाणी होती. म्हणजे चपळ होती, पण बसायची. आमचं बाइंडिंगचं काम. छापलेले मोठे कागद घडी घालून घ्यावे लागतात. आईपाशी बसून तास तास घड्या घालायची. मी घरी आले की आई मला गठ्ठा दाखवायची. आज हिनं शंभर घातल्या म्हणून. एकही वाकडी नाही."

"साडेचार-पाच वर्षांची असताना?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तसं असेल तर मी थांबेन. जवळचं माणूस गेल्यावर मुलं अशी होतात. एवढ्या लहान वयात घाईनं नाव देणं बरं नाही. आजी असताना तासभर बसत होती म्हणजे हे नवं आहे, दुःखाचं आहे. सहा महिने वाट पाहू. पण आधीपासूनच असं असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, तर गोष्ट वेगळी. मग वाट बघण्यात तिचं वर्ष जाईल. तेव्हा आठवून सांगा."

"आठवून काय," मुलगी म्हणाली, "मी रोज बघत होते."

भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. हत्ती तिच्या डोक्यावर होता.

"सात," ती म्हणाली.

"काय सात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सात घालायच्या. मग दारापर्यंत पळायचं आणि खांबाला हात लावून यायचं. मग परत सात. आजी मोजायची. एकदा मी पंधरा वेळा पळाले. माझ्या सगळ्या वाकड्या असायच्या. आजी म्हणायची, वाकडी तर वाकडी."

"काहीही बोलतेस," मुलगी म्हणाली. "ती अशीच बनवून सांगते."

"मी नाही बनवत." भिंगरीने हत्ती खाली टाकला. तिचा चेहरा लाल झाला. "आबा, सांग ना."

बाइंडरने खाली पाहिलं. त्याच्या अंगठ्याला खळ नव्हती, तरी तो नख खरवडत राहिला.

दीड वर्षापूर्वीची दुपार होती ती. भिंगरी खांबाला हात लावायला पळाली होती आणि बायको तिने घातलेल्या सात घड्या एकेक उलगडत होती. उलगडायची, अंगठ्याने जुना मोड पुसायची, आणि नीट घालून गठ्ठ्यावर ठेवायची. तिने वर न बघताच म्हटलं होतं, हिला कुणाला तरी दाखवून आणू या का?

कशाला, असं तो म्हणाला होता. काय झालंय तिला? लाडानं बिघडवलीस तू.

बरं, मी बिघडवली, ती म्हणाली. पण एक पोर मी वाढवलीय. ती अशी नव्हती. ही मनात असूनही थांबू शकत नाही हो. मी डोळे बघते तिचे. तिला थांबायचं असतं.

त्यावर तो बोलला होता ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. आपल्या घरात डोक्यानं कुणी कमी नाही. ही गोष्ट बाहेर गेली तर लेकीच्या सासरचे म्हणतील, आजोळी ठेवून पोर वाया घालवली. आणि लेकीला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस. तिला काय कमी व्याप आहेत?

बायकोने पुढची घडी घेतली. त्या दिवसापासून संध्याकाळी ती मुलीला गठ्ठा दाखवू लागली.

"आबा," भिंगरी म्हणाली.

"ती बनवत नाही," बाइंडर म्हणाला.

त्याला वाटलं एवढ्यावर भागेल. पण डॉक्टरीणबाई नुसत्या थांबून होत्या.

"त्या गठ्ठ्यातल्या घड्या हिच्या नव्हत्या. आमच्या धंद्यात घडी अक्षरासारखी असते. कुणाची ते ओळखू येतं. हिची आजी डावरी होती. तिचा दाब उलट्या अंगानं यायचा. हिच्या घड्या ती मोडून परत घालायची. मला दिसत होतं." त्याने घसा साफ केला. "सात सातचं खरं आहे. तीन वर्षांची झाली तेव्हापासून ही अशीच आहे. जेवताना, अंघोळीला, सगळीकडे. हिची आजी म्हणाली होती, दाखवू या. मीच नको म्हटलं. लेकीला सांगायचं नाही असंही मीच बजावलं. ती जाईपर्यंत झाकत राहिली, ते माझ्यासाठी."

हे सगळं तो टेबलाच्या कडेला सांगत होता. मुलीकडे बघायची त्याची छाती नव्हती. आता ती उठेल, पोरीला घेऊन निघून जाईल, असं त्याला वाटलं. गेली असती तरी त्याने अडवलं नसतं.

मुलगी उठली नाही.

"मी दहा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी बसून घड्या घातल्यात," ती म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, डॉक्टरीणबाईंशी बोलत होती. "मला काय आईची घडी ओळखू येत नाही?"

बाइंडरने मान वर केली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. आई गठ्ठा पुढं करायची, मी वा म्हणायची. आई खोटं बोलतेय हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही कळत असेल. पण दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन यायचे मी. घरी आल्यावर कुणी म्हणतंय ना, तुझी पोर शहाणी आहे. मला ते ऐकायचं होतं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आत्ताही तुम्ही विचारलंत तेव्हा मी तेच सांगितलं. आणि पोरीला खोटं पाडलं."

भिंगरीने आईच्या गुडघ्यावर हत्ती ठेवला.

"याचं नाव शंभर," ती म्हणाली, आणि खिडकीकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांपैकी कुणालाही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बाइंडरला जास्त सोपं गेलं असतं. त्यांनी घरचा कागद मधोमध फाडला, खणातून कोरा काढला आणि टेबलावर सरकवला.

"आधी तिचे कान तपासून घेऊ. मग पुढच्या आठवड्यात मी बालवाडीत येऊन बघते. बहुतेक आधी तुम्हालाच शिकवावं लागेल, तिला नंतर. सात घड्या आणि एक धाव, असं तिच्या आजीनं निम्मं काम करून ठेवलंय." त्या जरा थांबल्या. "बाहेर बाकावर बसा आणि हे परत भरा. घाई नाही. पण या वेळी मुलगी जशी आहे तशी लिहा."

बाहेरच्या लांबट व्हरांड्यात दोन्ही भिंतींना बाकं होती आणि बाकं भरलेली होती. आया, बाप, एक पाय मोडलेला मुलगा, एक म्हातारी जपमाळेसारखा चाव्यांचा जुडगा फिरवत. मुलीला कशीबशी जागा मिळाली. ती मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कागद घेऊन बसली. बाइंडर तिच्यासमोर उभा राहिला. दोघांनाही एकमेकांकडे बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय कागद भरता येणार नव्हता.

"बाबा."

"हं."

"आईला तुम्ही, लाडावलंस तू हिला, म्हणून रागवायचात. मीही म्हणायचे, आई, तू हिला डोक्यावर बसवतेस."

"माहीत आहे."

"ती काहीच बोलायची नाही."

"नाही."

तेवढ्यात भिंगरीने मुलाच्या कुबडीला हात लावला, मुलाची आई ओरडली, आणि भिंगरी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पळत सुटली. दोन-तीन माणसं हसली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय पोर आहे. वळणच नाही." बाइंडरचे कान तापले. एरवी तो अशा वेळी भिंतीवरची पाटी वाचायचा.

तो नातीच्या मागे निघाला.

"थांबा," मुलगी मागून म्हणाली. "मी वाचते तिथून, तुम्ही सांगा. नाहीतर परत राहील हे." आणि तिने वाचलं, जरा मोठ्यानेच, कारण तो लांब गेला होता. "बसलेल्या जागी चुळबूळ करते."

बाकांवरची माणसं तिच्याकडे बघू लागली, मग त्याच्याकडे. भिंगरी टोकाच्या नळाला हात लावून परत येत होती. ती त्याच्या पायांवर आदळली आणि त्याने तिला खांद्यापाशी धरलं, घट्ट नाही.

"नेहमी," बाइंडर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. मुलीने कानामागे हात नेला. तिला ऐकू गेलं नव्हतं.

त्याने पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि म्हणाला, "पुढचा वाच."